एकच साथ, रस्त्याच्या दोन बाजू

पाणवठा (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "रोगाला गरीब-श्रीमंत कळत नाही, मरण सगळ्यांना सारखंच." तिथे दोन ओळींचं उत्तर द्यायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

जंतूला कळत नाही हे मान्य. त्याला काहीच कळत नाही. पण साथ ओसरल्यावर कोण गेलं याची मोजदाद केली की तीच ती घरं, तेच ते धंदे, त्याच त्या गल्ल्या पुढे येतात. जंतू सगळीकडे एकच होता, मग हा फरक आला कुठून? माझं म्हणणं असं की त्यातला बराचसा साथ यायच्या आधीच ठरलेला असतो, आणि उरलेला पहिल्या दहा-पंधरा दिवसांत कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. नुसतं मत म्हणून हे सांगून उपयोग नाही, कारण "सरकारने आणखी काय करायला हवं होतं?" हा प्रश्न लगेच येतो. म्हणून अशी उदाहरणं शोधत होतो की रोग एक, काळ एक, माणसंही जवळपास सारखी, आणि कारभार मात्र दोन.

पहिलं १८९२ च्या ऑगस्टमधलं. जर्मनीतली हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही तेव्हा दोन वेगळी शहरं, पण मधे ना नदी ना रान. काही ठिकाणी तर रस्त्याच्या अलीकडे हॅम्बुर्ग, पलीकडे आल्टोना. दोघंही एल्ब नदीचं पाणी प्यायची. हॅम्बुर्ग वरच्या अंगाला, ते नदीचं पाणी न गाळता नळांत सोडायचं. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण नदीत मिसळल्यावर जे पाणी येईल ते त्यांच्या वाट्याला. पण ते वाळूच्या थरांतून गाळून घ्यायचे. कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये साधारण ८,६०० माणसं गेली. आल्टोनात काही शेकडा, लोकसंख्येच्या हिशेबानेही कितीतरी कमी, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांना लागण हॅम्बुर्गमध्येच झालेली. हद्दीवर कामगारांची एक वसाहत होती. ती हॅम्बुर्गच्या बाजूला, पण पाणी आल्टोनाचं. तिथे कॉलरा फिरकला नाही.

वाळूचं गाळण ही काही गुप्त विद्या नव्हती. लंडनच्या पाणी कंपन्यांना कायद्याने गाळायला लावून तेव्हा पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. हॅम्बुर्गमध्ये यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा चालली. शहराचा कारभार व्यापारी, घरमालक आणि वकिलांच्या हातात, मताचा हक्क मूठभर लोकांना, आणि खर्च कुणाच्या खिशातून यावर घोडं अडलेलं. साथ आल्यावरही तेच. पहिले रोगी महिन्याच्या मध्याला सापडले, पण जाहीर करायला आठवडा गेला. बंदरावर बंधनं आली तर धंदा बुडेल ही भीती. तोवर शहराच्याच नळांनी कॉलरा घरोघर पोचवला. मग फर्मान निघालं: पाणी उकळून प्या. उकळायला जळण लागतं, मोठं भांडं लागतं, ते उकळेपर्यंत थांबायला कुणीतरी घरात लागतं. ज्यांच्याकडे नोकरचाकर होते त्यांनी उकळलं, किंवा सरळ आगगाडी धरून शहर सोडलं. बंदराजवळच्या दाटीच्या गल्ल्या बघून जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख म्हणाला होता की मी युरोपात आहे हे विसरायला होतंय. (हे वाक्य आपल्याला टोचतंच, कारण आठेक वर्षांपूर्वी तो कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू तपासून गेला होता. म्हणजे कुठे असल्यासारखं वाटत होतं ते उघड आहे.)

दुसरं सामोआ, पॅसिफिक महासागरातली बेटं. १९१८ चा इन्फ्लुएंझा. पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखाली, शेजारचं पूर्व सामोआ अमेरिकी नौदलाकडे. ७ नोव्हेंबर १९१८ ला 'तालुने' नावाचं जहाज न्यूझीलंडच्या ऑकलंडहून पश्चिम सामोआच्या आपिया बंदराला लागलं. बोटीवर आजारी माणसं होती, वाटेत फिजीला तिला अलग ठेवलं होतं. आपियात कुणी अडवलं नाही. दोनेक महिन्यांत तिथली ८,५०० च्या आसपास माणसं गेली, म्हणजे पाचातलं एक. पूर्वेकडे गव्हर्नर जॉन पॉयरने येणारी जहाजं रोखली, स्थानिक लोकांनी किनाऱ्यावर पहारे दिले. तिथे मृत्यू शून्य. पॉयरने मदत देऊ केली होती, पश्चिमेच्या कर्नल लोगनने ती घेतली नाही. आठ दशकांनी, २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी तिथे जाऊन माफी मागितली.

आणि एकाच शहरात, एकाच कारभाराखाली काय होतं तेही बघा. १९१८ च्याच साथीत मुंबईत दर हजारी मृत्यू: युरोपीय ८.३, हिंदू १८.९, आणि सरकारी कागद ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतात त्यांच्यात ६१.६. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग होतं, डॉक्टर महायुद्धावर गेले होते. देशभरात दीड कोटीच्या आसपास माणसं गेली असावीत असा अंदाज आहे.

तर, "सगळ्यांना सारखंच" हे मला काही पटत नाही. इतरांचं काय मत?


तिरकीट

झालं गेलं बघून शहाणपण सांगायला काय जातंय. त्या लोगनच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? साथ नवी, माहिती तुटपुंजी, वर लढाई संपत आलेली. सगळी सरकारं अंधारातच चाचपडतात.


पाणवठा

तिरकीट, म्हणून तर जोड्या घेतल्या. लोगन अंधारात होता तर पॉयरही त्याच अंधारात होता. त्याला वायरलेसवर बातम्या कळल्या आणि त्याने खबरदारी घेतली. हॅम्बुर्गच्या लोकांना तर वाळूचं गाळण दाखवायला शेजारचं शहर होतं, रस्ता ओलांडला की झालं.


मधुरा_वाचते

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. सवडीने लिहिते.


खडूफळा

मला थोडं वेगळं दिसतंय. 'सरकार झोपलं म्हणून माणसं मेली' ही गोष्ट ऐकायला सोपी, कारण त्यात एक खलनायक असतो. पण पेरूचं काय कराल? कोविडमध्ये लॅटिन अमेरिकेत सगळ्यात आधी कडक टाळेबंदी लावणाऱ्यांत पेरू होता, १६ मार्च २०२० पासून. सैन्य रस्त्यावर, गरिबांना रोख मदतही जाहीर. वर्षभराने, मे २०२१ च्या शेवटी, त्यांनी स्वतःच मृत्यूंचा आकडा दुरुस्त केला तेव्हा तो ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर गेला, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सगळ्यात वर पेरू. निर्णय वेळेवर होता, कागदावर तर अगदी बरोबर होता.

मग घोडं कुठे पेंड खाल्लं? बहुतेक कामगार असंघटित. आज काम केलं तर आज चूल. घरी बसा म्हणणाऱ्या हुकमाचा त्यांनी काय उपयोग करायचा? जवळपास निम्म्या घरांत फ्रीज नाही, म्हणजे आठवड्याचं सामान एकदम आणून ठेवता येत नाही, बाजारात वरचेवर जावंच लागतं. बाजार उघडे ठेवण्याच्या वेळा कमी केल्या, तर गर्दी आणखी दाटली. रोख मदत दिली, पण बऱ्याच लोकांचं बँकेत खातंच नव्हतं, मग पैसे घ्यायला बँकांसमोर रांगा. म्हणजे साथीपासून वाचवायला दिलेला पैसा घ्यायला साथीतच उभं राहायचं. अतिदक्षता खाटा मुळात मोजक्या, आणि प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक रात्ररात्र रांगेत.

आणि वरच्या लोकांनी काय केलं? देशात लसीकरण सुरू व्हायच्या आधीच माजी राष्ट्राध्यक्षांपासून मंत्र्यांपर्यंत शेकडो लोकांनी चाचणीसाठी आलेल्या साठ्यातून गुपचूप लस टोचून घेतल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलं. आरोग्यमंत्रीणबाईंना राजीनामा द्यावा लागला.

म्हणून मी म्हणतो, पाणवठा, तुमची पहिल्या दहा-पंधरा दिवसांची गोष्ट अर्धीच खरी. विषमता इतकी खोल असेल तर चांगला हुकूमही तिच्यात बुडतो.


पाणवठा

खडूफळा, दंडवत. ते फ्रीजचं मला सुचलंच नसतं. "घरी बसा" हे सुद्धा "पाणी उकळून प्या" सारखंच झालं. हुकूम मोफत, पाळायला मात्र पैसे लागतात.


गणिती_मन

चर्चा छान आहे, पण जरा ब्रेक लावतो. देशादेशांच्या मृत्यूदरांची तुलना करताना वय विसरलात तर सगळं उलटंपालटं दिसतं. कोविड म्हाताऱ्यांना जास्त मारायचा. म्हाताऱ्यांचा देश श्रीमंत असला तरी तिथे मृत्यू जास्त दिसणार. १९१८ चा फ्लू उलट, तरण्याताठ्यांना नेणारा.

शिवाय लागण विषम असली म्हणजे मृत्यूही तितकाच विषम असं समीकरण नाही. २०२० मध्ये सिंगापूरच्या बहुतेक सगळ्या लागणी परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत होत्या, एका खोलीत दहा-वीस माणसं. अशा खोल्यांत माणसं ठेवणं हाच मुळात अन्याय. पण मृत्यू अगदी थोडे, कारण मजूर तरुण, आणि एकदा जाग आल्यावर तपासणी आणि उपचार सरकारने खर्चाची चिंता न करता केले. जुलै २०२० मधलं मुंबईतलं रक्ततपासणीचं सर्वेक्षणही आठवा: तीन वॉर्डांत झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बाहेर १६ टक्के. तिथे लागणीतली दरी स्पष्ट आहे. मृत्यूतली दरी काढायला वय, नोंदणी, उपचार सगळं धरावं लागतं.

एक गंमत मात्र तुमच्या बाजूने देतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक प्रसिद्ध झाला, कोणता देश साथीला किती तयार याची क्रमवारी. पहिला नंबर अमेरिका, दुसरा ब्रिटन. पुढच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रयोगशाळा, तज्ज्ञ, कागदावरच्या योजना यांचे गुण भरपूर मिळाले. आजारी पडल्यावर पगारी रजा मिळते का, दवाखान्याच्या बिलाच्या धाकाने माणूस घरीच थांबतो का, यांचे गुण परीक्षेत फारसे नसावेत. अमेरिकेत वय जुळवून घेतल्यावर काळे, लॅटिनो आणि मूळ निवासी यांचा मृत्यूदर गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास होता. 'हात धुवा' म्हणणाऱ्या त्या देशात नवाहो या मूळ निवासी जमातीच्या बऱ्याच घरांत नळच नाहीत.


जळतं_लाकूड

शेवटी आलात ना मुद्द्यावर. सरळ सांगा की तुम्हाला अमुक एका सरकारवर टीका करायची आहे. मागच्यांच्या काळात साथ आली असती तर याहून वाईट झालं असतं.


सांजवात

जळतं_लाकूड, या धाग्यावर आत्तापर्यंत जर्मनी, सामोआ, पेरू आणि सिंगापूर आले आहेत. यातलं तुमचं कोणतं?

असो. मला आकड्यांबद्दलच बोलायचंय. मी बरीच वर्षं मृत्यूनोंदणीच्या कामात होते. मृत्यूचं कारण या रकान्याइतका मुका रकाना दुसरा नाही. घरी गेलेल्या माणसाचं कारण नातेवाईक सांगतील ते. ताप, दम, म्हातारपण. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले साधारण पाचवा हिस्सा. मग साथीच्या वर्षात वरून तोंडी सांगणं येतं की चाचणीचा कागद नसेल तर साथीत धरू नका. लेखी कुणीच देत नाही. चाचणीचा कागद कुणाकडे असतो? जो दवाखान्यापर्यंत पोचला त्याच्याकडे. जो वाटेत गेला, त्याचं नाव 'हृदय बंद पडून' मध्ये. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं हो.

त्यामुळे गणिती_मन, तुम्ही म्हणता तशी सगळी आकडेमोड करा, जरूर करा, पण ज्या वहीतून आकडे घेता त्या वहीतच गरीब माणूस अर्धा पुसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले जास्तीचे मृत्यू (म्हणजे एरवी होतात त्यापेक्षा जितके जास्त झाले ते) काढले ते १ कोटी ४९ लाख. देशांनी नोंदवलेले कोविड मृत्यू ५४ लाख. भारतासाठी त्यांचा अंदाज ४७ लाखांचा, सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांचा. आपल्या सरकारने त्यांची पद्धतच अमान्य केली. पद्धतीवर वाद होऊ शकतो, तज्ज्ञांनी तो करावा. पण सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत विचारलं की टाळेबंदीत घरी निघालेले स्थलांतरित मजूर किती मेले, तर कामगार मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी माहिती उपलब्ध नाही. तिथे तर पद्धतीचाही प्रश्न नव्हता. मोजलंच नव्हतं. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बाराला बंद, चार तास. ८ मे रोजी औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते आपल्याला माहीत आहेत कारण ते एकदम सोळा होते. एकेकटे गेलेले कुठल्या वहीत आहेत?


तिरकीट

सांजवातताई, हे वाचून गप्प बसलो. वरचं 'अंधारात चाचपडतात' मागे घेत नाही, पण मोजायचंच नाही हे चाचपडणं नव्हे, हे कबूल.


आजोळ

अवांतर वाटेल, पण सगळे सरकारने काय केलं नाही यावर बोलतायत. सरकार जास्त करतं तेव्हाही माणसं मरतात.

१८९७ चा प्लेग. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. अख्ख्या कायद्याची जेमतेम चार कलमं, अधिकार मात्र हवे तेवढे. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घ्यायचे, सामान बाहेर फेकायचे, बायकांना सगळ्यांदेखत तपासायचे. याचा परिणाम काय? लोक रोगी लपवू लागले. पोटमाळ्यावर, कोठारात. प्रेतं लपवू लागले. लाखो लोक मुंबई सोडून निघाले आणि सोबत प्लेग घेऊन गेले. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास आपल्या पुस्तकात असतो. लपवलेल्या रोग्यांचा नसतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवत होत्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. रोगी लपवायच्या त्या दिवसांत लोक त्यांच्या हाती आपलं माणूस देत होते, एवढं लक्षात ठेवा.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०१४ चा इबोला घ्या. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया, तिथली वेस्ट पॉइंट नावाची झोपडपट्टी. ऑगस्टमध्ये एका सकाळी लोक उठले तर वस्तीभोवती तारेचं कुंपण आणि सैनिक. आत हजारो माणसं, खाण्यापिण्याची धड सोय नाही. दंगल झाली, गोळीबारात एक पोरगा गेला. दहा दिवसांत सरकारला कुंपण काढावं लागलं. पुढे साथ आटोक्यात आली त्यात वस्तीतल्याच लोकांचा मोठा हात होता: घरोघर फिरून आजारी कोण ते विचारणं, दफन सुरक्षित कसं करायचं ते समजावणं. हेच पहिल्या दिवशी करता आलं असतं.

सामोआत किनाऱ्यावर पहारा कोण देत होतं म्हणालात, पाणवठा? स्थानिक लोकच ना. म्हणजे पॉयरचा हुकूम चालला तो लोक बाजूने होते म्हणून.


मधुरा_वाचते

सवडीने लिहिते म्हटलं होतं, तर दक्षिण आफ्रिका राहून गेली म्हणून लिहिते. इथे वरच्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एचआयव्हीची औषधं आली तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता, म्हणजे आजार आफ्रिकेत आणि औषध युरोप-अमेरिकेत. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीदांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पैशाची अडचण एवढी खाली आली. आणि नेमक्या त्याच काळात राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते, आरोग्यमंत्री लसूण आणि बीट खायला सांगत होत्या. आईकडून बाळाला होणारी लागण टाळणारं औषध सरकारी दवाखान्यांत द्यावं म्हणून रुग्णांच्या संघटनेला कोर्टात जावं लागलं, २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला ते द्यायला लावलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला: २००० ते २००५ या काळात औषधं वेळेवर न दिल्याने तीन लाख तीस हजारांहून जास्त जीव गेले. ज्यांच्याकडे पैसे होते ते खासगी डॉक्टरकडून औषध घेत होते, राष्ट्राध्यक्षांना काय वाटतं याने त्यांचं काही अडलं नाही.

गणिती_मन, इथे वयाची सबब चालणार नाही बरं का. :)


गणिती_मन

मान्य. इथे मी हात वर करतो.


खडूफळा

एक प्रश्न मात्र राहिलाच. आल्टोनाने वाळू आधीच का बसवली? तिथले लोक काही साधुसंत नसतील. तेही व्यापारीच, तेही घरमालकच.


पाणवठा

नव्हतेच साधुसंत. त्यांचं पाणीपुरवठा केंद्र १८५९ सालचं, आणि सुरुवातीपासूनच वाळूच्या गाळणीसकट. कारण साधं आहे. नदीचा उतार बघितला तर हॅम्बुर्गच्या गटारांचं पाणी आपल्याच तोंडाशी येणार हे तिथल्या पोरालाही दिसत होतं. ती घाण पालिकेतल्या बड्या लोकांच्या घरच्या नळालाही आली असती. हॅम्बुर्गला वरच्या अंगाला असल्यामुळे तसं कधी वाटलं नाही. त्यांचं गाळण केंद्र साथीनंतर घाईघाईने पुरं करून मे १८९३ मध्ये सुरू झालं.